आमचा घरचा समुद्र : इटियाडोह

विदर्भातल्या माणसाचे समुद्राशी असलेले नाते पंचांगातल्या काही ग्रहणांसारखे असते. ग्रहण आहे असे वर ठळक छापलेले असते आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेले असते, 'हे येथे दिसणार नाही.' शाळेत आम्ही भरती-ओहोटीची कारणे पाठ केली, खाऱ्या वाऱ्यांच्या आणि मतलई वाऱ्यांच्या आकृत्या काढून गुण मिळवले. पण प्रत्यक्ष खारा वारा अंगाला लागला तो पंचविशी उलटल्यावर. नागपूरहून मुंबई रेल्वेने आठशेहून अधिक किलोमीटर. गोंदियाचा माणूस त्याच्याही मागे सव्वाशे किलोमीटर. शून्य मैलाचा दगड आमच्या नागपुरात उभा आहे याचा आम्हांला मोठा अभिमान. पण देशाच्या मधोमध असणे म्हणजे देशाच्या सगळ्या किनाऱ्यांपासून सारखेच लांब असणे, हा त्या अभिमानाचा हिशेब कोणी मांडत नाही.

त्यामुळे दिवाळीची सुटी जवळ आली, फराळाचे डबे भरू लागले, की वैदर्भीय घरांत समुद्राचा विषय हटकून निघतो. आमच्याही घरात निघतो. गेल्या वर्षी चिरंजिवांचे मत गोव्याकडे होते, सौभाग्यवतींचे गणपतीपुळ्याकडे. माझे मत कोणी विचारले नाही, आणि ते योग्यच झाले. कारण मला फक्त तिकिटांचे पैसे विचारात घ्यायचे होते. तेवढ्यात आमच्या पुतणीचे इटलीहून पत्र आले. पत्र म्हणजे हल्ली फोनवर येते तसले. पण ही मुलगी जुन्या वळणाची, त्यामुळे मजकूर चांगला चार पानांचा. 'काका, काकू, आजी, सगळेच इकडे या. दक्षिण इटलीत समुद्रकाठी ओत्रांतो नावाचे गाव आहे, तिथे आठवडाभर राहू,' असे तिने लिहिले होते आणि सोबत सगळा बेत आखून पाठवला होता.

वाचकहो, तो बेत मी दोनदा वाचला. रोमला विमानातून उतरायचे, तिथून आगगाडीने लेच्चे या शहरी जायचे, आणि लेच्चेहून लहान गाडीने ओत्रांतो गाठायचे. हे इटलीच्या मुख्य भूमीवरचे अगदी पूर्वेचे गाव; नकाशात इटलीच्या बुटाची जी टाच दिसते, तिच्या टोकाजवळ. समोर पाणी आणि पाण्यापलीकडे आल्बानिया. गावाला तटबंदी, अरागॉनच्या राजवटीतला किल्ला, आणि एक जुने मोठे चर्च. त्या चर्चची जमीन बाराव्या शतकातली, बारीक रंगीत दगडांच्या तुकड्यांनी चितारलेली : एक भलामोठा वृक्ष आणि त्याच्या फांद्यांवर राजे, पशू, राक्षस, बारा महिन्यांची बारा कामे. त्याच चर्चच्या एका कोपऱ्यात काचेच्या कपाटांत माणसांच्या कवट्या आणि हाडे रचून ठेवलेली आहेत. १४८० साली तुर्की आरमाराने हे गाव घेतले तेव्हा सुमारे ८०० लोकांची डोकी उडवली गेली. त्यांची ही हाडे. २०१३ साली पोपने त्या सगळ्यांना संतपद दिले. आणि या चर्चपासून चालत काही मिनिटांवर लोक उन्हात अंग शेकत वाळूत पडलेले असतात!

पुतणीने पत्राच्या शेवटी अनुभवाची पाच कलमे लिहिली होती. पहिले : ऑगस्टात येऊ नका, तेव्हा सगळी इटली समुद्रावर लोटते, जून किंवा सप्टेंबर धरा. दुसरे : वाळूवरच्या हॉटेलात उतरू नका, जुन्या गावात उतरा. तिसरे : आधी गावाचा इतिहास पाहा, मग पाण्यात शिरा. चौथे : त्या पाण्यात आणि त्या मातीत जे पिकते तेच खा. पाचवे : पोहायचे कुठे हे गावकऱ्याला विचारल्याशिवाय ठरवू नका.

आमच्या घरातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी पत्र ऐकून सांगितले, की मराठी माणसाला तो किनारा काही नवा नाही. खरेच आहे ते. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या सप्टेंबरात, आठवी भारतीय डिव्हिजन दक्षिण इटलीतल्या तारांतो बंदरात उतरली, आणि तिच्यात मराठा पलटण होती. तारांतो ओत्रांतोच्याच मुलखातले, स्पार्टाच्या ग्रीकांनी वसवलेले प्राचीन बंदर. तिथून ही माणसे लढत लढत उत्तरेला गेली. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव भागाचे यशवंत घाडगे १९४४ च्या जुलैत आणि नगर जिल्ह्याचे नामदेव जाधव १९४५ च्या एप्रिलात इटलीतच व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी झाले. घाडगे यांना तो मरणोत्तर मिळाला. समुद्रस्नानाचा बेत आखायला त्यांना कोणी पाच कलमे लिहून दिली नव्हती.

असो. बेत सुंदर होता. पण घरात आई होती. आईचे वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे त्याहून जुने. विमानात दहा तास बसणे डॉक्टरांनी साफ नाकारले, आणि मुंबईपर्यंतची आगगाडीही 'बघा बुवा' या सदरात टाकली. आईने आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही. तिने तशी कधी तक्रारही केली नाही. मात्र पत्र वाचून झाल्यावर ती म्हणाली, ''मला कशाला समुद्र? मला एकदा इटियाडोह दाखवा. जन्मभर नाव ऐकते आहे.''

आईचे माहेर लाखांदूरकडचे, म्हणजे धानाच्या मुलखातले. तिच्या माहेरच्या बांध्यांना इटियाडोहच्या नहराचे पाणी. पाऊस दडी मारून बसला, रोवणी झालेल्या बांधीला भेगा पडू लागल्या, की घरातले, गावातले एकच वाक्य : इटियाडोहचे पाणी सुटले का? ते पाणी तिच्या घरच्या भातात होते, मुलांच्या शाळेच्या फीमध्ये होते, धाकट्या मावशीच्या लग्नात होते. पण ते जिथून येते ती जागा तिने पाहिलेली नव्हती. पाण्याच्या टोकाला राहणाऱ्या माणसाने पाण्याचे मूळ पाहिलेले नसते. त्याला तेवढी सवडच नसते.

बेत ठरला. पुतणीची पाचही कलमे जशीच्या तशी लागू करून ओत्रांतोऐवजी इटियाडोह! चिरंजिवांनी तोंड वाकडे केले, पण आजीपुढे त्यांचे काही चालत नाही.

आता वाचकांसाठी थोडा भूगोल. इटियाडोह हे गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावाजवळ, गाढवी नदीवर बांधलेले मातीचे धरण आहे. ते १९७० साली पुरे झाले. उंची सुमारे ३० मीटर, लांबी अवघी ५०० मीटरांच्या आसपास. आकडा वाचून ज्यांनी जायकवाडी पाहिले आहे ते हसतील. पण इथली गंमत अशी, की दोन टेकड्यांच्या मधली खिंड तेवढी बुजवली आणि मागे डोंगरांच्या ओटीत मैलोगणती पाणी पसरले. भिंत आखूड, पाणी अफाट. या पाण्यावर गोंदियातल्या अर्जुनीची, भंडाऱ्यातल्या लाखांदूरची आणि गडचिरोलीतल्या देसाईगंज व आरमोरी भागाची धानशेती भिजते. तीन जिल्ह्यांचे ताट एका डोहावर. डोह म्हणजे नदीतली खोल, संथ पाण्याची जागा. नावातच धरणाच्या आधीचे पाणी राहून गेले आहे.

आणि ज्यांना समुद्रच हवा, त्यांनी हेही ध्यानात घ्यावे : गाढवी वैनगंगेला मिळते, वैनगंगा पुढे वर्धेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. म्हणजे आमच्या डोहाचे तोंड समुद्राकडेच आहे. फक्त आम्ही मुंबईकडे तोंड करून बसल्यामुळे आमच्या ते लक्षात येत नाही. नकाशावर फूटपट्टी ठेवून पाहिलीत तर अर्जुनीच्या माणसाला पूर्वेचा समुद्र पश्चिमेच्या समुद्रापेक्षा बराच जवळ आहे.

पहिले कलम : वेळ. इटियाडोहला तीन ऋतूंत तीन रूपे. भर पावसाळ्यात धरण भरले की सांडव्यावरून पाणी कोसळते आणि ते पाहायला चारी दिशांनी माणूस लोटतो. तो आमचा ऑगस्ट, म्हणजे इटलीतल्या ऑगस्टासारखा. उन्हाळ्यात उन्हाळी धानाला पाणी देऊन जलाशय आटलेला असतो, काठाचा चिखल तडकलेला असतो. मधला काळ, दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंतचा, तो धरावा. पाणी भरपूर, हवा गार, बांध्यांतून धान कापणीला आलेला किंवा कापून पडलेला. आम्ही भाऊबीज उरकली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो.

नागपूरहून रायपूरकडे जाणारा महामार्ग धरायचा. भंडारा, लाखनी, साकोली, सौंदड करीत कोहमाऱ्याला आले, की उजवीकडे वळायचे. तिथून रान सुरू होते. रेल्वेने जाणाऱ्यांसाठी गोंदिया-बल्लारशा मार्गावर अर्जुनीचे स्थानक आहे. पूर्वी ही छोटी लाइन होती. डब्यातून उतरून पळसाची पाने तोडावीत आणि पुन्हा डबा पकडावा, असे तिच्याबद्दल जुने लोक हसून सांगतात. आता मोठी लाइन झाली आहे आणि पळसाची पाने खिडकीतूनच पाहावी लागतात.

दुसरे कलम : उतरायचे कुठे. धरणावर उतरायची खटपट न करता आम्ही नवेगावबांधला मुक्काम केला. तिथे पर्यटकांसाठी आणि वनखात्याची राहण्याची सोय आहे. सुटीच्या दिवसांत आधी चौकशी करून जावे, एवढेच. नवेगावहून इटियाडोह तासाभराच्या आत. शिवाय नवेगाव हेच आमचे 'जुने गाव'. त्याचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. आज त्यांचीच तिथे देव म्हणून पूजा होते. कोलासुर त्या देवाचे नाव. तलावाभोवतीच्या सात डोंगरांना 'सातबहिणी' म्हणतात. देशात धरणे पुष्कळ झाली, पण बांधणारा देव झाल्याचे भाग्य फार थोड्या धरणांच्या वाट्याला आले असेल.

तिसरे कलम : आधी इतिहास. पूर्व विदर्भाचा हा सगळा मुलूख तळ्यांचा. नागपूरकर भोसल्यांच्याही आधी, गोंड राजांच्या काळात, कोहळी समाजाने इथे तळी बांधायचे शास्त्र आणले. शास्त्र म्हणजे पोथी नव्हे. उतार डोळ्यांनी ओळखायचा, दोन टेकड्यांमधली नेमकी जागा निवडायची, मातीची पाळ घालायची आणि खाली धानाच्या बांध्या पाडायच्या. तळे बांधणाराला जमीन मिळायची, म्हणून माणसे तळी बांधीत गेली. अशी हजारो तळी झाली. पुढे मालगुजारीची पद्धत आली आणि तळी मालगुजारांच्या नावे लागली. १९५०-५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तळी सरकारची झाली. त्यांना कागदोपत्री 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात, आणि त्याचे आद्याक्षरी रूप झाले 'मामा तलाव'! आता मामा म्हटला की लाड होतील असे वाटते. पण पुष्कळ तळ्यांत गाळ साचला, पाळी खचल्या. जोवर तळे गावाचे होते, तोवर दरवर्षी गाव पाळीवर माती टाकीत होते. सरकारचे झाल्यावर गाव अर्ज टाकू लागले.

हा इतिहास ऐकल्यावर इटियाडोह नीट कळतो. खिंड शोधायची आणि बुजवायची, हे कोलू पाटलांचेच गणित सरकारी अभियंत्यांनी यंत्रे लावून मोठ्या प्रमाणावर सोडवले आहे.

नवेगावचा दुसरा दिवस पाखरांचा. हे राष्ट्रीय उद्यान १९७५ साली जाहीर झाले आणि २०१३ च्या अखेरीस नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहिले, आणि इथल्या रानाने त्यांना लिहायला किती दिले, हे मराठी वाचकाला सांगायला नको. २०२५ साली ते गेले. पण तलावाच्या काठावर उभे राहून पाखराचे मराठी नाव आठवू लागले, की आजही त्यांचीच आठवण होते. थंडी पडू लागली की इथे दुरून पाहुणे येतात. त्यांतला एक पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस. तो तिबेटच्या पठारावरून, हिमालय ओलांडून येतो. सारस पक्षी मात्र पाहुणा नव्हे, घरचा. महाराष्ट्रात तो आता जवळजवळ गोंदियाच्या आसपासच उरला आहे, आणि तोही काही डझनांतच. धानाच्या बांधीत तो घरटे करतो. शेतकऱ्याने बांधीचा तेवढा कोपरा सोडला तर पिल्लू जगते. पर्यटकांच्या कॅमेऱ्यावर ते अवलंबून नाही.

तिसऱ्या दिवशी इटियाडोह. सकाळच्या उन्हात गाडी धरणाजवळ थांबली. आईला एका हाताला मी आणि एका हाताला चिरंजीव असे धरून आम्ही सावकाश वर नेले. वर आलो आणि समोर पाणी. निळे म्हणावे तर हिरवी झाक, हिरवे म्हणावे तर आभाळाचा रंग. तिन्ही अंगांनी रानाचे डोंगर पाण्यात उतरलेले, आणि एक मासेमाराचा डोंगा इतका लांब की तो चालतो आहे की थांबला आहे हेही कळू नये. वाऱ्याने काठाला बारीक लाटा लागत होत्या. चिरंजीव म्हणाले, ''खरंच समुद्र वाटतो हो!'' आई काही बोलली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, ''एवढं पाणी! आणि आमच्या बांधीपर्यंत पोचेस्तोवर करंगळीएवढं व्हायचं.''

त्या एका वाक्यात नहराचे सगळे अर्थशास्त्र होते. नहराच्या मुखाशी असलेल्याला पाणी आधी आणि भरपूर. शेपटाशी असलेल्याला उरले तर. मधे नहर फुटतो, झिरपतो, कोणी रात्री पाळ कापतो. आईने आम्हांला सांगितले, की तिचे वडील पाळीच्या रात्री कंदील घेऊन नहरावर बसत; झोप लागू नये म्हणून शेजारच्या बांधीवाल्याशी मोठमोठ्याने भांडत, आणि पाणी आले की दोघे मिळून विडी ओढत. ही गोष्ट तिने आम्हांला आधी कधी सांगितली नव्हती. पाणी पाहिल्याखेरीज ती तिला आठवली नसावी.

आणि या पाण्याखाली काय आहे, तेही ध्यानात ठेवले पाहिजे. धरण म्हटले की बुडीत आलेच. ओत्रांतोला हाडे काचेच्या कपाटात आहेत, जाणारा-येणारा थांबून पाहतो. इथे रान गेले, जमीन गेली. पाणी स्वच्छ आणि सुंदर दिसते, आणि खालचे काही दिसत नाही. लाखांदूरची बांधी भिजावी म्हणून दुसऱ्या कोणाची तरी जमीन कायमची भिजली. आईने पाण्याला हात जोडले. देव म्हणून जोडले की आणखी कशासाठी, हे मी विचारले नाही.

पाचवे कलम आधी घेतो, कारण ते जिवाचे आहे. पोहायचे कुठे? इथे पोहायचे नाही. काठ एकदम खोल जातो, तळाशी चिखल आहे, झुडपांचे खुंट आहेत. नहरात तर वरून संथ दिसणारे पाणी माणसाला उभे राहू देत नाही. सांडवा वाहत असताना त्याच्या दगडांवर फोटोसाठी चढणाऱ्यांना तर काय म्हणावे! आमचे चिरंजीव टॉवेल खांद्यावर टाकून निघालेच होते. काठावर जाळे सुकवीत बसलेल्या म्हाताऱ्या ढीवरबाबांनी मान हलवली. ''पानी लय हाय जी. पन उतरू नोका,'' एवढेच म्हणाले. जन्म पाण्यात काढलेल्या माणसाने 'उतरू नका' म्हटले, की शहाण्याने काठावर बसून पाय भिजवावेत. आम्ही तेच केले. आईचे पायही भिजले.

चौथे कलम : खाणे. जलाशयातले मासे आणि झिंगे, आणि ताटाला भात. दुसरे काय असणार? जे मासे खात नाहीत त्यांना शिंगाडे आहेत. तळ्यांतून ढीवर लोक शिंगाड्याचे पीक घेतात, आणि हिवाळ्याच्या तोंडाला बाजारात ते उकडून मिळतात. नव्या धानाच्या तांदळाला जो वास असतो, तो नागपूरच्या दुकानातल्या पोत्याला नसतो. सौभाग्यवतींनी दहा किलो तांदूळ बांधून घेतला, आणि गणपतीपुळ्याचा विषय पुढल्या वर्षापर्यंत तहकूब झाला.

गोठणगावाजवळ आणखी एक गाव आहे, ते पाहिल्याखेरीज परतू नये. रस्त्यावरून जाता जाता झाडांना बांधलेल्या रंगीत पताका दिसू लागतात, मग पांढऱ्या भिंतींचा आणि सोनेरी कळसाचा मठ. हे नोर्ग्येलिंग, तिबेटी निर्वासितांची वसाहत. १९५९ साली दलाई लामा तिबेटातून भारतात आले, त्यांच्यामागे हजारो लोक आले, आणि १९७२ साली त्यांतल्या काहींना या धानाच्या मुलखात जमीन मिळाली. बर्फातली माणसे विदर्भाच्या उन्हात आली! पहिले काही उन्हाळे त्यांनी कसे काढले असतील याची कल्पना नागपूरकरालाच येईल. हिवाळ्यात यांतली पुष्कळ मंडळी स्वेटर विकायला शहरोशहरी जातात. आपण त्यांना नागपुरात फूटपाथवर पाहतो, भाव पाडून स्वेटर घेतो, पण ती अर्जुनी मोरगावची असू शकतील हे मनात येत नाही.

म्हणून आम्ही गेलो तेव्हा वसाहतीत म्हातारी माणसेच जास्त होती. मठाच्या पायरीवर जपाचे चक्र फिरवीत एक आजीबाई बसल्या होत्या. आई दमून त्यांच्याशेजारी टेकली. त्या हिंदीत मराठी मिसळीत, आई मराठीत हिंदी मिसळीत, असे दोघींचे अर्धा तास चालले. गुडघ्यांपासून सुरुवात झाली. मग आईने विचारले, ''तुमच्या गावी समुद्र होता का हो?'' आजीबाई हसल्या. म्हणाल्या, समुद्र नाही, पण मोठाली सरोवरे आहेत. पलीकडचा काठ दिसत नाही. मठातल्या एका तरुण भिक्षूने पुढची गंमत सांगितली. 'दलाई' या मंगोल शब्दाचा अर्थ समुद्र, आणि दलाई लामांच्या नावातले 'ग्यात्सो' म्हणजे तिबेटी भाषेत समुद्रच. ज्या देशाला इंचभर किनारा नाही, त्याने आपल्या सर्वांत मोठ्या माणसाचे नाव समुद्र ठेवले! आईला हे फार आवडले. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, ''त्या बाईने आपलं गाव सोडल्यावर परत पाहिलंच नाही. मला निदान इटियाडोह दिसला.''

चौथा दिवस प्रतापगडाचा. हा साताऱ्याचा प्रतापगड नव्हे. अफजलखानाचा कोथळा इथे निघालेला नाही. हा गोंदियाचा प्रतापगड, डोंगरावर जुन्या किल्ल्याच्या खुणा असलेला. इथे महादेवाचे स्थान आहे, महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. आणि त्याच प्रतापगडावर ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गा आहे. एकाच डोंगराला दोन्हीकडची माणसे लागतात, आणि पायथ्याचा नारळवाला दोघांनाही नारळ त्याच भावाने देतो. आई वर चढली नाही. खालूनच दोन्हीकडे नमस्कार केला.

रात्री एका गावात मंडई होती. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरे भरतात, आणि रात्री नाटक. तेही पहाटेपर्यंत! वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या झाडीपट्टी रंगभूमीचे माहेरघर. धान कापून झाला की नाटकमंडळ्या बाहेर पडतात आणि होळीच्या सुमारापर्यंत मंडप बदलत राहतात. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. शहरातली नाटके प्रेक्षक नाहीत म्हणून बंद पडत असताना, इथे हजारो माणसे घोंगडी पांघरून जमिनीवर बसतात. हंगाम चांगला झाला तर नाटके जास्त, हे साधे त्रैराशिक. म्हणजे इटियाडोहचे पाणी रंगभूमीलाही पुरते.

आता खर्चाचे. पाच माणसे, चार दिवस, गाडीचे इंधन, राहणे, जेवण, दहा किलो तांदूळ आणि आजीबाईंच्या घरून घेतलेले दोन स्वेटर धरून, इटलीच्या एका तिकिटातही बरेच पैसे उरले. पण केवळ स्वस्त म्हणून कोणी इटियाडोहला जाऊ नये. तिथे वाळू नाही, शहाळी नाहीत, छत्र्याखाली खुर्च्या नाहीत. त्या नाहीत म्हणून तक्रार करणाऱ्याने सरळ गोव्याची गाडी धरावी. इटियाडोहला जाणाऱ्याने घरून पिण्याचे पाणी, टोपी, गरम कपडे आणि शक्य तर दुर्बीण न्यावी. आणि नेलेल्या पिशव्या, बाटल्या परत आणाव्यात. काठावर टाकलेली बाटली पाण्यातून नहरात जाते आणि नहरातून कोणाच्या तरी बांधीत जाऊन रोवणीच्या बाईच्या पायाला लागते.

अलीकडे इटियाडोहचा पर्यटनविकास व्हावा असे बोलले जाते. व्हावाही; तिथल्या पोरांना चार पैसे मिळत असतील तर कोण नको म्हणेल? फक्त एक लक्षात असावे. या धरणाचे दार पाहुण्यांसाठी उघडत नाही. ते धानासाठी उघडते. जलाशय आटलेला दिसला तर हळहळू नये. तुम्ही पाहायला आलेले पाणी तेव्हा लाखांदूरला आणि आरमोरीला कामावर गेलेले असते. यंदा भाऊबीज झाली की निघा. मंडया सुरू असतील, नवा तांदूळ निघाला असेल, आणि घरात कोणी म्हातारे माणूस असेल तर त्याला मागच्या नव्हे, पुढच्या सीटवर बसवा.